गाठीवरचं बोट

(बीड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी आम्हाला भूगोल शिकवला. समुद्र त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता. आमच्या केज तालुक्यातल्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत पृथ्वीचा गोलही नव्हता. १९७२ चं साल होतं. मोठी माणसं खडी फोडायला कामावर जात होती, आम्हा पोरांना सुकडी मिळत होती, आणि आडावर नंबराला लावलेल्या घागरींची रांग दिवसभर हलत नव्हती. गुरुजींनी त्या रांगेतली एक रिकामी घागर मागून आणली, वर्गात पालथी ठेवली आणि म्हणाले, "ही आपली पृथ्वी."

मग त्यांनी मला पुढं बोलावलं. दोऱ्याचं एक टोक घागरीच्या पोटावर धरलं. "इथं बोट ठेव. मी सांगेपर्यंत हलवायचं नाही बरं का." दुसऱ्या एका मुलाच्या हातात त्यांनी दोरा दिला आणि त्याला घागरीभोवती फिरायला सांगितलं. तो हसत हसत फिरला. सगळा वर्ग त्याच्याकडं बघत होता. मी मात्र बोट दाबून तसाच उभा. दोरा फिरून माझ्या बोटाशी आला, गुरुजींनी गाठ मारली आणि म्हणाले, "झाली पृथ्वीप्रदक्षिणा."

एक चलाख पोरगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, दोरा घागरीच्या गळ्याला बांधला तर लवकर होईल." वर्ग हसला, गुरुजी हसले नाहीत. त्यांनी दोरा खरोखर गळ्याला बांधून दाखवला. गाठ तिथंही बसली. मग त्यांनी विचारलं, "दोरा परत गाठीला आला खरा. पण यानं घागर पाहिली का?"

आजचं माझं व्याख्यान त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. विषय आहे शिडाच्या जहाजातून केलेली जगप्रदक्षिणा, आणि त्यातही आपल्या मराठी माणसांनी योजलेली, बांधलेली आणि पार पाडलेली सागर परिक्रमा.

त्या चलाख मुलाचा प्रश्न जगभरच्या दर्यावर्दींनाही पडलेला आहे. दक्षिण ध्रुवाजवळ अंटार्क्टिकाभोवती फेरी मारली तर सगळी रेखावृत्तं ओलांडली जातात. ती घागरीच्या गळ्याभोवतीची फेरी. म्हणून शिडाच्या जगप्रदक्षिणेचे नियम ठरले. ज्या बंदरातून निघाल त्याच बंदरात परत या. सगळी रेखावृत्तं ओलांडा. विषुववृत्त निदान दोनदा ओलांडा. कालव्यातून वाट काढू नका. आणि अंतर निदान २१,६०० सागरी मैल भरलं पाहिजे. हा आकडा आला कुठून? वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या कला ६०, आणि पृथ्वीच्या पोटावरची एक कला म्हणजे एक सागरी मैल. ३६० गुणिले ६० म्हणजे २१,६००. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. एकूण सुमारे ४०,००० किलोमीटर. घागरीचा पूर्ण घेर.

तुम्ही म्हणाल, बीडचा आणि या हिशेबाचा काय संबंध? मुलांनो, घरी गेल्यावर नकाशा काढा. बीड जवळजवळ १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मुंबईचं बंदरही त्याच अक्षांशावर. इथून नाकासमोर पश्चिमेकडं चालत राहिलात, तर तीनशे किलोमीटरच्या आसपास गेल्यावर तुमचे पाय समुद्राला लागतील. दोन्ही गावांत फरक आहे तो रेखांशाचा, सुमारे तीन अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणून मुंबईपेक्षा आपल्याकडं सूर्य सुमारे १२ मिनिटं आधी उगवतो. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात, आपण राहतो ७५.७५ अंशांच्या आसपास. म्हणून बीडमध्ये सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तेव्हा घड्याळात सरासरी साडेबाराला तीन मिनिटं कमी असतात. अंगणात काठी रोवून सावली मोजली तर हे तुम्हाला समुद्र न पाहताही कळेल.

या चार मिनिटांच्या हिशेबानं इतिहासातल्या पहिल्या जगप्रदक्षिणेला मोठा धक्का दिला होता.

२० सप्टेंबर १५१९ रोजी स्पेनच्या सान्लुकार बंदरातून पाच जहाजं समुद्रात शिरली. माणसं होती सुमारे २४०. प्रमुख होता फर्डिनांड मॅगेलन, जन्मानं पोर्तुगीज. आपला पश्चिम किनारा त्याच्या ओळखीचा होता. १५०५ मध्ये अल्मेडाच्या आरमाराबरोबर तो हिंदुस्थानात आला, १५०९ मध्ये दीवच्या लढाईत लढला. मसाल्याच्या बेटांकडं जायची पूर्वेची वाट पोर्तुगालच्या हातात होती. तेव्हा पश्चिमेकडून जाऊन तीच बेटं गाठता येतात, हे त्याला स्पेनसाठी सिद्ध करायचं होतं.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, आज त्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सामुद्रधुनीतून तो पलीकडच्या महासागरात उतरला. हा महासागर केवढा असेल याची कुणालाच कल्पना नव्हती. तीन महिन्यांहून अधिक काळ ताजं अन्न मिळालं नाही. या सफरीची बखर लिहिणारा अँटोनिओ पिगाफेत्ता सांगतो, की बिस्किटाचा किडलेला भुगा खाल्ला, पिवळं पडलेलं पाणी प्यायलं, आणि परबाणाला दोर घासू नये म्हणून गुंडाळलेलं चामडं समुद्रात भिजवून, निखाऱ्यावर भाजून खाल्लं. हिरड्या सुजून दात झाकले जात आणि माणसं मरत. आंबट फळाच्या घोटभर रसानं बरा होणारा हा रोग पुढची अडीचशे वर्षं खलाशांना मारत राहिला, कारण त्याचं मूळ ताज्या अन्नाच्या अभावात आहे हे पक्कं कळायला तेवढा काळ गेला.

२७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटावर मॅगेलन मारला गेला. जगाला त्याचं नाव माहीत आहे, पण प्रदक्षिणा त्यानं पूर्ण केली नाही. ती केली ती हुआन सेबास्तियान एल्कानो या बास्क खलाशानं. ६ सप्टेंबर १५२२ रोजी 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज सान्लुकारला परतलं. त्यावर १८ माणसं होती. जहाजाच्या पोटात लवंग होती, आणि ती विकून मोहिमेचा खर्च भरून निघाला असं म्हणतात. आपल्या मसाल्याच्या डब्यातली ती काळी लवंग. तिच्यासाठी इतकी माणसं गेली, हे डबा उघडताना कधी तरी आठवावं.

परतीच्या वाटेवर केप व्हर्दे बेटांवर ते थांबले. जहाजावरच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी बुधवार होता. किनाऱ्यावरच्या लोकांनी सांगितलं, आज गुरुवार. पिगाफेत्ता चक्रावला. रोजची नोंद त्यानं चुकवली नव्हती. दिवस हरवला कुठं? ते सूर्याच्या मागं मागं पश्चिमेला चालले होते. दर १५ अंशांना एक तास लांबत गेला. ३६० अंश झाले तेव्हा २४ तास भरले. किनाऱ्यावरच्यांपेक्षा त्यांना एक सूर्योदय कमी दिसला. मला या गोष्टीत एक फार मोठी शिकवण दिसते. तुमचा हिशेब बिनचूक असला तरी तो पडताळून पाहायला किनाऱ्यावर थांबलेलं कुणीतरी लागतं. दोन्ही हिशेब खरे होते. शेजारी शेजारी ठेवले तेव्हाच पृथ्वीची फेरी दिसली.

या सफरीतला आणखी एक माणूस मला कधीच विसरता येत नाही. त्याचं मलय नाव इतिहासानं ठेवलं नाही, मालकांनी दिलेलं नाव एन्रिके. १५११ मध्ये मलाक्का पडलं, तेव्हा मॅगेलननं त्याला गुलाम म्हणून घेतलं आणि युरोपात नेलं. दहा वर्षांनी तोच एन्रिके पश्चिमेकडून फिलिपिन्सच्या एका बेटापाशी आला. होडीतल्या लोकांशी तो आपल्या भाषेत बोलला, आणि त्यांना ते कळलं. गणितानं जे सिद्ध व्हायचं होतं, ते एका गुलामाच्या तोंडच्या दोन शब्दांनी झालं. पृथ्वीची दोन टोकं एकमेकांना भेटली. मॅगेलननं मृत्युपत्रात त्याची सुटका लिहिली होती, पण मागं राहिलेल्यांनी ती दिली नाही. त्यानंतर त्याची नोंद हरवते. तो घरी पोचला असेल का, असं मला पुष्कळदा वाटतं.

पुढं १५८० मध्ये फ्रान्सिस ड्रेक जगाची फेरी करून इंग्लंडला परतला. त्याच शतकात आपल्या बीडजवळ खजाना विहीर खोदली गेली, भूमिगत कालव्यातून पाणी उतारानं पुढं नेलं गेलं, आणि अंबाजोगाईत दासोपंत भल्या मोठ्या पासोडीवर आपलं लेखन करत होते. हे काळ शेजारी ठेवताना मला कमीपणा वाटत नाही. पाणी मोजायची आणि दूरवरचा विचार करायची बुद्धी इथंही होती. समुद्राकडं मात्र आपण पाठ केली. समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यायला लावणारा समाज होता आपला. जाण्यापेक्षा परतण्यावर आपण दंड बसवला, आणि परतणाऱ्याकडून शिकायची वाट बंद करून टाकली.

आणि तरीही जगाच्या समुद्रांवर आपले हात फिरत होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी जहाजं बांधली जात. १८१७ मध्ये तिथं पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभं आहे. दोनशे वर्षांनंतरही. सागाचं लाकूड आणि ते जोडणारे सुतार यांची ती साक्ष आहे.

हीच परंपरा १९६० च्या दशकात पुन्हा कामी आली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजावरचा अधिकारी. त्यानं मुंबईत ३२ फुटांची एक सागवानी नौका बांधून घेतली. मुंबईच्या सुतारांनी ती बांधली वाकसानं तासून आणि दोरीनं फिरवायच्या सामत्यानं भोकं पाडून. नाव ठेवलं 'सुहेली'. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथहून तो एकटा निघाला आणि कुठंही न थांबता, ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी फालमथलाच परतला. एकट्यानं, विनाथांबा जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. ही एक शर्यत होती; तीत नऊ जण उतरले होते, पूर्ण करणारा हा एकच. ज्या नौकेनं हे केलं तिच्या प्रत्येक फळीवर मुंबईच्या सुतारांचा हात फिरलेला होता. त्या सुतारांची नावं कुठल्या स्मारकावर मी वाचली नाहीत. गाठीवर ठेवलेलं बोट ते हेच.

श्रोतेहो, आता मी तुम्हाला समुद्रापासून दूर घेऊन जातो. सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी नावाचं गाव आहे. पर्जन्यछायेतला मुलूख, आपल्यासारखाच पावसाकडं डोळे लावून बसणारा. निवृत्तीनंतर तिथं व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी राहत. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात 'कामोर्ता' या युद्धनौकेचं नेतृत्व केलेले, वीर चक्र मिळवलेले, पुढं नौदलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख झालेले आवटी. १९८३ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी माळरानाचा शेजार निवडला, आणि तिथून एकच ध्यास धरला: भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एका भारतीयानं एकट्यानं पृथ्वीला प्रदक्षिणा घालावी. त्याआधी 'तृष्णा' या नौकेतून लष्कराच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ मध्ये आणि 'तरंगिणी'तून नौदलानं २००३-०४ मध्ये जगाची फेरी केली होती. पण एकट्यानं कुणी केली नव्हती.

२००६ मध्ये नौदलातले पाणबुडे अधिकारी कमांडर दिलीप दोंदे यांनी हात वर केला. एक लक्षात घ्या मुलांनो: प्रवास नऊ महिन्यांचा झाला, तयारी तीन वर्षांची. दोंदे इंग्लंडला गेले आणि 'सुहेली'वाल्या नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडं त्यांच्या नव्या शर्यतीच्या तयारीत राबले, शिकले. मग नौका. ती बांधायचं धाडस केलं रत्नाकर दांडेकर यांनी, गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरच्या आपल्या छोट्या कारखान्यात. एवढी मोठी, महासागर झेलणारी शिडाची नौका त्यांनी आधी बांधलेली नव्हती. डच आराखडा, ५६ फूट लांबी, लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लासचं कवच. बांधणारा शिकत होता, चालवणारा शिकत होता आणि दोघं एकमेकांना शिकवत होते. आपल्या नौकेचा प्रत्येक बोल्ट कुठं आहे हे दोंद्यांना ठाऊक झालं ते या बांधणीत. भर महासागरात मेकॅनिकला हाक मारता येत नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौका नौदलात दाखल झाली. तिला नाव दिलं 'म्हादई'. ज्या मांडवीच्या काठी ती जन्मली, त्या नदीचंच हे नाव.

१९ ऑगस्ट २००९ रोजी, भर पावसाळ्यात, 'म्हादई' मुंबईहून निघाली. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली, आफ्रिकेच्या टोकाचं केपटाऊन, असे चार थांबे. ४० अंशांच्या दक्षिणेला जो महासागर आहे, तिथं वाऱ्याला अडवायला जमीन जवळपास नाही. वारा पृथ्वीभोवती धावत राहतो आणि लाटांचे डोंगर होतात. थंडी हाडांत शिरते. माणूस एकटा. शीड उतरवायचं त्यानंच, शिवायचं त्यानंच, जेवण रांधायचं त्यानंच, आणि झोपायचं ते तुकड्या-तुकड्यानं, कान वाऱ्याकडं ठेवून. मॅगेलन सूर्याच्या मागं गेला, दोंदे सूर्याला सामोरे, पूर्वेकडं गेले. म्हणून त्या नऊ महिन्यांत आपल्या सगळ्यांपेक्षा त्यांना एक सूर्योदय जास्त दिसला. १९ मे २०१० रोजी 'म्हादई' मुंबईत परतली. एकट्यानं शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय, एक मराठी माणूस, मुंबईच्या किनाऱ्यावर उतरला.

गोष्ट इथं संपली असती तर ती पराक्रमाची गोष्ट झाली असती आणि मी ती सांगायला इतक्या लांब आलो नसतो. मला मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं. दोंदे परतले आणि किनाऱ्यावर उभे राहिले. त्यांच्या तयारीला हातभार लावणारा तरुण अधिकारी अभिलाष टॉमी त्याच 'म्हादई'तून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाला, तेही कुठंच न थांबता. शेवटच्या टप्प्यात साठ्यातल्या गोड्या पाण्यात डिझेल मिसळलं, तेव्हा तो पावसाचं पाणी धरून जगला. आपल्याइतकी या गोष्टीची किंमत कुणाला कळणार? चहूकडं पाणी, आणि पिण्यापुरतं आभाळातून पडेल तेवढंच. १५१ दिवसांनी, ३१ मार्च २०१३ रोजी त्यानं प्रदक्षिणा पूर्ण केली. विनाथांबा करणारा तो पहिला भारतीय.

मग दोंद्यांनी नौदलातल्या सहा मुलींना शिकवलं. त्याही आधी 'म्हादई'वर शिकल्या. दांडेकरांनी त्यांच्यासाठी 'तारिणी' बांधली, आणि लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्या सहा जणी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघून २५४ दिवसांनी, मे २०१८ मध्ये परतल्या. पुढं टॉमी यांनी दिलना आणि रूपा या दोन अधिकाऱ्यांना तयार केलं. त्या दोघी 'तारिणी'तूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाल्या आणि मे २०२५ मध्ये गोव्याला आल्या. बघा, दोरा कसा हातातून हातात गेला. नॉक्स-जॉन्स्टनकडून दोंद्यांकडं, दोंद्यांकडून टॉमीकडं, टॉमीकडून या मुलींकडं. प्रत्येकजण आधी फिरला आणि मग पुढच्याच्या गाठीवर बोट धरून उभा राहिला.

मधल्या काळात एक फेरी अपुरीही राहिली, तीही सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये 'सुहेली'च्या प्रवासाला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्याच साधनांनी करायची शर्यत भरली. टॉमीसाठी दांडेकरांनी 'सुहेली'ची हुबेहूब प्रतिकृती गोव्यात बांधली. नाव 'थुरिया'.   सुहेल म्हणजे अगस्त्याचा तारा, जो हिवाळ्याच्या रात्री आपल्या शेतातून दक्षिणेला लखलखताना दिसतो. आपण बैलांना पाणी दाखवायला उठतो त्या वेळी दिसणाऱ्या ताऱ्याशी 'सुहेली'च्या नावाचं नातं आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळानं 'थुरिया'ची डोलकाठी मोडली. टॉमीच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तो हलूही शकत नव्हता. 'ओसिरिस' या फ्रेंच मत्स्य-गस्ती जहाजानं त्याला उचललं. काही आठवड्यांतच, ४ नोव्हेंबर २०१८ रोजी, आवटींचं विंचुर्णीला निधन झालं. कण्यात धातूचे दांडे घेऊन टॉमी पुन्हा चालायला शिकला, आणि २०२२ मध्ये त्याच शर्यतीत परत उतरला. एप्रिल २०२३ मध्ये त्यानं ती २३६ दिवसांत पूर्ण केली, दुसरा आला. त्या अपुऱ्या फेरीलाही मी परिक्रमाच म्हणतो. ती पूर्ण व्हायला साडेचार वर्षं लागली, एवढंच.

आता शेवटचं, आणि हे बोलण्यासाठीच मी आलो आहे.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातूनही एक प्रवास सुरू होतो. कोयते निघतात. लाखोंच्या संख्येनं माणसं ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मी या दोन प्रवासांची बरोबरी करत नाही, करणं अन्यायाचं होईल. दोंद्यांनी हात वर केला होता. आपल्या माणसांच्या डोक्यावर मुकादमाची उचल असते. त्यांच्या मागं नौदल नाही, समोर स्वागताचा बँड नाही. परत आल्यावर वर्षभराचा हिशेब बहुधा तिथंच असतो जिथून निघाला होता. दोरा फिरतो, पण गळ्याभोवती फिरतो.

तरीही या सागर परिक्रमेतून एक गोष्ट आपण घेऊ शकतो. जाणारा परत येईल की नाही, आणि आल्यावर त्याच्या हाती काय असेल, हे किनाऱ्यावर कोण उभं आहे यावर ठरतं. आई-बाप फडावर गेल्यावर इथं राहणारी पोरं आजीच्या भाकरीवर आणि हंगामी वसतिगृहांच्या भरवशावर शाळेत टिकतात. ती वसतिगृहं वेळेवर उघडणं, तिथं रात्री दिवा असणं, पोराला ताप आला तर कुणीतरी जागं असणं, हे बोट धरून उभं राहणं आहे. ज्याचं ते बोट सुटतं, ते पोर पुढच्या हंगामात फडावर दिसतं. आणि जे कुणी या जिल्ह्यातून शिकून बाहेर गेले, पुण्याला, मुंबईला, परदेशात, त्यांच्यातला मीही एक, त्यांना मी विनंती करतो. आपण फिरून आलो. आता आपली पाळी बोट धरायची आहे. वर्षातून एकदा भाषण करून ते होत नाही, मला माहीत आहे. म्हणून पुढच्या हंगामात दिवाळीपासून पाडव्यापर्यंत मी इथल्या एका हंगामी वसतिगृहात मुलांना भूगोल शिकवायला राहणार आहे. तसं मी ठरवून आलो आहे. आणखी कुणी येणार असेल तर व्याख्यान संपल्यावर भेटा.

त्या दिवशी दोरा घेऊन फिरणाऱ्या मुलाचा मला हेवा वाटला होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं कुणी नाही. शाळा सुटल्यावर मी गुरुजींना तसं म्हणालोही. ते घागर परत आडावर, तिच्या नंबराला ठेवायला निघाले होते. चालता चालता म्हणाले, "अरे, तू बोट काढलं असतंस तर तो आला कुठं हे कुणाला कळलं असतं?"

गुरुजी, मी आलो आहे. तुमचं बोट अजून तिथंच आहे.